छाती न फाडता होणारा उपचार कोणाच्या छातीपर्यंत पोहोचतो?

हृदयविकार हा श्रीमंतांचा आजार आहे, हे आपल्या वस्त्यांमध्ये बोललं जाणारं सर्वांत महागात पडणारं खोटं आहे. खाऊनपिऊन सुखी, गादीवर बसून पैसे मोजणाऱ्या माणसाला तो होतो. आपण कष्टकरी, आपल्या हृदयाला काय होणार? या एका समजुतीमुळे छातीत दुखलं की आधी सोडा पितात, मग ओवा चघळतात, मग कोणीतरी पाठ चोळून देतं. सकाळ होईपर्यंत माणूस गेलेला असतो. दहाव्या-बाराव्या दिवशी जमलेले लोक म्हणतात, "काही आजार नव्हता हो, धडधाकट होता."

धडधाकट नव्हता. त्याचं ब्लडप्रेशर आयुष्यात कधी कोणी मोजलं नव्हतं, एवढंच.

दक्षिण आशियातल्या माणसाला पहिला हृदयविकाराचा झटका जगातल्या इतरांपेक्षा लवकर येतो. ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात इतरांचं मधलं वय ५९ च्या आसपास निघालं, आपल्याकडचं ५३. त्याच्या कारणांत तंबाखू आहे, मधुमेह आहे, रक्तदाब आहे, मानसिक ताण आहे, आणि ताटात फळं-भाज्या नसणंही आहे. आता ही यादी घेऊन फुलेनगरपासून सातपूर-अंबडच्या कामगार वस्त्यांपर्यंत एक चक्कर मारा. रात्रपाळी करून गुटख्यावर जागणारा कंत्राटी कामगार, बाजार समितीतला हमाल, गटारीत उतरणारा सफाई कामगार. यादीतली किती कारणं त्यांच्या घरात नाहीत? मग हा आजार श्रीमंतांचा कसा? आजार सगळ्यांचा आहे. उपचार तेवढा श्रीमंतांचा आहे. या लेखाचा विषय तोच आहे.

विज्ञानाने काय दिलं

आधी विज्ञान समजून घेऊ, कारण ज्याला मागायचं काय हेच माहीत नाही, त्याच्या हातावर काहीही ठेवून बोळवण करता येते.

१६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिकमध्ये अँड्रियास ग्रुन्टझिग या डॉक्टरने जगातली पहिली कोरोनरी अँजिओप्लास्टी केली. रुग्ण पूर्ण शुद्धीवर होता. रक्तवाहिनीतून एक बारीक नळी हृदयापर्यंत नेली, तिच्या टोकाचा फुगा अडथळ्याच्या जागी फुगवला, आणि बंद होत आलेली वाहिनी मोकळी केली. छातीचं हाड कापावं लागलं नाही. १९८६ साली त्या जागी धातूची जाळी, म्हणजे स्टेंट, बसवायला सुरुवात झाली. त्याच दशकात जपानच्या कांजी इनोए यांनी आकसलेली झडप फुग्याने उघडण्याची पद्धत आणली. २००२ साली फ्रान्समध्ये ॲलन क्रिबिए यांनी जांघेतून नळी नेऊन हृदयात नवी झडपच बसवली. लहान मुलांच्या हृदयातली काही छिद्रं आता छत्रीसारख्या छोट्या उपकरणाने, छाती न उघडता बंद होतात. अँजिओप्लास्टी तर आज बहुतेक ठिकाणी मनगटातल्या रक्तवाहिनीतून होते.

आता हिशोब आपल्या बाजूने मांडू. बायपास झाली तर छातीचं हाड जुळायला काही आठवडे लागतात आणि ओझं उचलण्याचं काम दोन-तीन महिने बंद राहतं. साधी, वेळेवर झालेली अँजिओप्लास्टी असेल तर माणूस दोन-चार दिवसांत घरी येतो. पगारी रजा असलेल्या अधिकाऱ्याला या फरकाने थोडी सोय होते. ज्याचं पोट हातावर आहे, ज्याने एक दिवस खाडा केला तर चूल विझते, त्याच्यासाठी हा फरक घर उभं राहण्याचा किंवा सावकाराच्या दारात जाण्याचा आहे. म्हणजे कमीत कमी चिरफाडीच्या उपचाराची गरज सर्वांत जास्त कष्टकऱ्याला आहे. आणि तो सर्वांत शेवटी पोहोचतो कष्टकऱ्याकडेच.

हे भावनेच्या भरात म्हणत नाही. २००८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात 'क्रिएट' नावाचा भारतातला अभ्यास प्रसिद्ध झाला. देशातल्या ५० शहरांमधल्या ८९ रुग्णालयांतल्या, हृदयविकाराचा झटका किंवा त्याच्या उंबरठ्यावर आलेल्या २० हजारांहून अधिक रुग्णांची त्यात नोंद होती. अँजिओप्लास्टी श्रीमंत रुग्णांपैकी १५.३ टक्क्यांची झाली, गरिबांपैकी २ टक्क्यांची. बायपास श्रीमंतांत ७.५ टक्के, गरिबांत ०.७ टक्के. महागडे उपचार सोडा, साध्या गोळ्यांतही हीच दरी होती: कोलेस्टेरॉल कमी करणारं औषध श्रीमंतांत ६१ टक्क्यांना मिळालं, गरिबांत ३६ टक्क्यांना. तीस दिवसांत श्रीमंतांपैकी ५.५ टक्के दगावले आणि गरिबांपैकी ८.२ टक्के. सर्वांत महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. संशोधकांनी उपचारातला फरक हिशोबातून बाजूला काढला, तेव्हा मृत्यूमधला हा फरक उरलाच नाही.

हे वाक्य पुन्हा वाचा. गरिबाचं हृदय कमकुवत म्हणून तो जास्त मेला नाही. त्याला उपचार कमी मिळाला म्हणून तो जास्त मेला. याला नशीब म्हणणारे खुशाल म्हणोत, आपण याला व्यवस्था म्हणतो.

गरिबी आणि जात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं लगेच कोणीतरी सांगायला येईल. त्यांच्यासाठी आणखी एक अभ्यास. २०२२ साली संगीता व्यास, पायल हाथी आणि आशिष गुप्ता यांनी नऊ राज्यांतल्या आकडेवारीवरून दाखवलं की उच्चजातीय हिंदूंच्या तुलनेत आदिवासींचं आयुर्मान चार वर्षांहून अधिक कमी आहे आणि दलितांचं तीन वर्षांहून अधिक कमी. आर्थिक स्थितीने या फरकाचा निम्मा भागही उलगडत नाही. उरलेला भाग काय आहे, हे गावकुसाबाहेर जन्मलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

सुरगाण्याहून शालिमारपर्यंत

झटका येतो तेव्हा रक्तवाहिनी पूर्ण बंद होते आणि मिनिटागणिक हृदयाचा स्नायू मरत जातो. अशा वेळी निदान झाल्यापासून दोन तासांच्या आत अँजिओप्लास्टी होणार असेल तर ती सर्वोत्तम. तेवढ्यात पोहोचणं शक्य नसेल तर आहे त्या ठिकाणी गुठळी विरघळवणारं इंजेक्शन ताबडतोब द्यायचं आणि मग मोठ्या रुग्णालयात हलवायचं. जगभर हाच नियम आहे.

हा नियम नाशिक जिल्ह्याच्या नकाशावर ठेवून बघा. सुरगाणा नाशिकपासून नव्वदएक किलोमीटर, तेही घाटातून. पेठ, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी, कळवण, बागलाण हे सगळे पाड्या-वस्त्यांचे तालुके. पाड्यावरून मुख्य रस्ता, रस्त्यावरून प्राथमिक आरोग्य केंद्र, तिथून ग्रामीण रुग्णालय, तिथून 'रेफर' केलेली चिठ्ठी घेऊन जिल्हा रुग्णालय, तिथून पुन्हा चिठ्ठी. 'रेफर' हा आपल्या सरकारी आरोग्यसेवेतला सर्वांत जास्त दिला जाणारा उपचार आहे. क्रिएट अभ्यासात लक्षणं सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोहोचेपर्यंतचा मधला काळ सहा तासांचा होता, आणि रुग्णवाहिकेने आलेले सहा टक्केही नव्हते. त्यानंतर, २०१४ पासून, महाराष्ट्रात १०८ रुग्णवाहिका धावू लागल्या, हे चांगलंच झालं. पण रुग्णवाहिका माणसाला कुठे नेऊन सोडते, हा प्रश्न उरतोच.

शालिमारला विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय आहे. हृदय, मूत्रपिंड, कर्करोग अशा मोठ्या आजारांसाठी सरकारने उभं केलेलं हे रुग्णालय केवळ नाशिकचं नाही, सगळ्या उत्तर महाराष्ट्राचा भार त्याच्यावर आहे. अशी रुग्णालयं ही आपली, जनतेच्या पैशातून उभी राहिलेली मालमत्ता आहे. म्हणूनच आपण प्रश्न विचारायचे ते तिथलेच. मंजूर पदं किती, भरलेली किती? कायमस्वरूपी हृदयरोगतज्ज्ञ किती आणि मानधनावर येणारे किती? कॅथ लॅब असणं ही एक गोष्ट, आणि रात्री अडीच वाजता ती चालू असणं ही दुसरी. हृदयविकाराचा झटका ओपीडीच्या वेळा पाहून येत नाही.

नाशिककरांना अभिमानाने सांगितलं जातं की महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय आपल्या शहरात आहे. १९९८ पासून आहे. राज्यभरातले डॉक्टर ज्या विद्यापीठाच्या पदव्या घेऊन बाहेर पडतात, त्या विद्यापीठाच्या शहराला स्वतःच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या मंजुरीसाठी २०२१ पर्यंत थांबावं लागलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. दुसरीकडे सिंहस्थ आला की घाट, रस्ते, साधुग्राम यांचे हजारो कोटींचे आराखडे तयार असतात. कोणाच्या श्रद्धेवर बोलायची इथे गरज नाही. प्रश्न तिजोरीचा आहे. बारा वर्षांनी येणाऱ्या पर्वणीचं नियोजन ज्या शासनाला वर्षानुवर्षं आधी करता येतं, त्याच शासनाला रोज येणाऱ्या झटक्याचं नियोजन का करता येत नाही?

पाच लाखांचं कार्ड

"आता तर पाच लाखांचं कार्ड आहे, मग तक्रार कसली?" हा प्रश्न आपलेच कार्यकर्ते विचारतात, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवं.

१९९७ साली राज्यात जीवनदायी योजना आली. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत आणि २०१३ च्या अखेरीस राज्यभर सुरू झाली. २०१७ साली तिला महात्मा फुल्यांचं नाव दिलं गेलं. २०२३ च्या निर्णयाने दीड लाखाचं संरक्षण पाच लाखांवर नेलं आणि उत्पन्नाची अट काढून ती राज्यातल्या सर्वांसाठी खुली केली. या योजनांमुळे हजारो घरांतली माणसं वाचली, हे नाकारणं अप्रामाणिकपणा होईल. वस्तीत काम करताना मी स्वतः ती पाहिली आहेत.

पण कार्ड म्हणजे रुग्णालय नव्हे. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? ज्या तालुक्यात कॅथ लॅबच नाही, तिथे पाच लाखांचं कार्ड हा प्लास्टिकचा तुकडा आहे. सरकारने स्वतःची रुग्णालयं उभी करण्याऐवजी खासगी रुग्णालयांची बिलं भरण्याचा रस्ता धरला. मग कोणत्या रुग्णाला घ्यायचं, कोणाला "योजनेत बसत नाही" म्हणायचं, कोणाला "खाट रिकामी नाही" म्हणायचं, हे गल्ल्यावर बसलेला माणूस ठरवू लागला. मध्यंतरी एका हमालाच्या मुलासोबत मी एका खासगी रुग्णालयात रात्रभर बसलो होतो. कार्ड होतं, आधार होतं, रेशनकार्ड होतं. "मंजुरी सकाळी येईल, तोवर पन्नास हजार भरा," हे उत्तर तिथल्या खिडकीवरून चार वेळा मिळालं. योजनेत तातडीच्या वेळी फोनवरून मंजुरी घेऊन उपचार सुरू करण्याची सोय आहे, हे पाचव्या वेळी मीच त्यांना सांगितलं, तेव्हा फोन उचलला गेला. ज्या मुलासोबत हे सांगणारं कोणी नसतं, तो दागिना गहाण ठेवायला धावतो.

या व्यवस्थेचं दुसरं टोक त्याहून भयानक आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये गुजरातमधल्या मेहसाणा जिल्ह्यातल्या बोरिसणा गावात मोफत तपासणी शिबिर झालं. तिथून १९ गावकऱ्यांना अहमदाबादच्या एका खासगी रुग्णालयात नेऊन त्यांची अँजिओग्राफी केली, सात जणांना स्टेंट बसवले, आणि त्यातले दोघं मेले. पैसे आयुष्मान योजनेतून उचलायचे होते. गरज नसताना हे उपचार केल्याचं चौकशीत पुढे आलं आणि अटकाही झाल्या. म्हणजे ज्याला खरोखर झटका आलाय त्या गरिबाला स्टेंट मिळत नाही, आणि ज्याला गरज नाही त्या गरिबाला गाडीत घालून नेऊन बसवला जातो. दोन्ही ठिकाणी निर्णय रुग्णाच्या छातीकडे पाहून झालेला नाही, बिलाकडे पाहून झालेला आहे.

म्हणून तरुणांनी हेही लक्षात ठेवावं की प्रत्येक अडथळ्याला स्टेंट लागत नाही. सुमारे ५ हजार रुग्णांवर झालेल्या 'इस्किमिया' या आंतरराष्ट्रीय अभ्यासाचे निष्कर्ष २०२० साली छापून आले. ज्यांचा आजार स्थिर आहे अशा रुग्णांत, चांगली औषधं सुरू असताना, आधीच स्टेंट किंवा बायपास केल्याने मृत्यू किंवा झटके कमी झाले नाहीत. छातीत दुखणं मात्र कमी झालं. झटका चालू असताना स्टेंट जीव वाचवतो, हे वेगळं. हा फरक आपल्या घरच्या माणसाला कळला तर "ताबडतोब टाका, नाहीतर गॅरंटी नाही" या धमकीला तो प्रश्न विचारू शकतो. प्रश्न विचारणं हीच आपली परंपरा आहे.

बाजाराला कायद्याने वाकवता येतं

"खासगी क्षेत्रावर सरकार काय करणार?" असं म्हणून हात वर करणाऱ्यांना स्टेंटची गोष्ट सांगायला हवी. २०१७ पूर्वी औषध लावलेल्या स्टेंटची छापील किंमत सरासरी एक लाख वीस हजारांच्या घरात होती. बिरेंदर सांगवान या वकिलाने दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिका लावून धरली. स्टेंट अत्यावश्यक औषधांच्या यादीत आला. १३ फेब्रुवारी २०१७ रोजी राष्ट्रीय औषध किंमत नियामकाने औषध लावलेल्या स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये आणि साध्या स्टेंटची ७,२६० रुपये ठरवली. नियामकाच्याच आकडेवारीत रुग्णालयांचा नफा ६५० टक्क्यांच्या पुढे गेलेला दिसला.

कंपन्यांनी ओरड केली. काहींनी आपले महागडे स्टेंट भारतातून मागे घेण्याची परवानगी मागितली. आभाळ कोसळलं नाही, अँजिओप्लास्टी बंद पडल्या नाहीत. नफा मात्र जागा बदलून बसला. २०१८ साली नियामकाने दिल्ली परिसरातल्या चार खासगी रुग्णालयांची बिलं तपासली, तेव्हा औषधं आणि वापरून फेकायच्या साहित्यावर १,७३७ टक्क्यांपर्यंत नफा आढळला. एक भोक बुजवलं की उंदीर दुसरं पाडतो. याचा अर्थ बुजवणं सोडायचं नसतं, सगळी भिंत लिंपायची असते. नळीतून बसवायच्या झडपेला आजही अशी कमाल किंमत नाही. या उपचाराचा खर्च पंधरा-वीस लाखांपर्यंत जातो. आणि अशी झडप आता भारतातही बनते, आपल्या पेठच्या घाटापलीकडे गुजरातच्या वापीत. कारखाना शेजारी आणि झडप आभाळात.

घराचा आजार

हृदयविकारातला एक आजार तर सरळसरळ वस्तीचा आजार आहे. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलाचा घसा एका जिवाणूमुळे दुखतो. उपचार झाला नाही तर काही मुलांना संधिवाताचा ताप येतो, आणि तो पुन्हा पुन्हा आला की हृदयाची झडप आकसते. दहा बाय दहाच्या खोलीत आठ माणसं झोपतात तिथे हा जिवाणू आरामात फिरतो. युरोप-अमेरिकेत घरं सुधारली, पेनिसिलिन मिळालं, आणि हा आजार जवळपास संपला. आपल्याकडे तो पुष्कळदा कळतो कधी? पोरीचं लग्न होतं, दिवस जातात, आणि सातव्या महिन्यात तिला जिना चढताना दम लागतो. सासरचे म्हणतात, "माहेराहून आजारी पाठवली."

या मुलींच्या योग्य झडपा इनोएंच्या फुग्याने छाती न कापता उघडता येतात. पण त्याच्याही आधी, दर तीन आठवड्यांनी दिलं जाणारं पेनिसिलिनचं स्वस्त इंजेक्शन झडप वाचवू शकतं. ते आरोग्य केंद्रात सतत उपलब्ध असणं आणि शाळेतल्या मुलांचे घसे तपासले जाणं, यासाठी कुठल्याही परदेशी तंत्राची गरज नाही. घराचा प्रश्न, पाण्याचा प्रश्न, शाळेचा प्रश्न आणि हृदयाचा प्रश्न वेगळे नाहीत. घरकुलाच्या मोर्चात चालणारा कार्यकर्ता हृदयरोगाविरुद्धही चालत असतो.

तार कोणाच्या हातात?

एक प्रश्न कोणत्याही आरोग्य परिषदेत विचारला जात नाही. कॅथ लॅबच्या टेबलावर आपला माणूस असतो. नळीतून तार पुढे सरकवणारा हात कोणाचा असतो?

हृदयरोगतज्ज्ञ होण्यासाठी एमबीबीएस, मग एमडी, मग डीएम. १९९९ च्या प्रीती श्रीवास्तव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने म्हटलं की अतिविशेष अभ्यासक्रमांच्या पातळीवर गुणांची सवलत चालणार नाही; आरक्षणालाही तिथे दार बंदच आहे. म्हणजे शिडीच्या खालच्या पायऱ्यांवर आरक्षण, आणि सर्वांत वरच्या पायरीवर 'गुणवत्ता'. पण त्या पायरीपर्यंत पोहोचायला एका घराला दहा-बारा वर्षं कमावत्या मुलाशिवाय जगावं लागतं, याला गुणवत्तेत किती गुण? मधल्या पायऱ्यांवर काय होतं, तेही आपण पाहिलं आहे. २२ मे २०१९ रोजी मुंबईच्या नायर रुग्णालयात शिकणारी डॉ. पायल तडवी आपल्यातून गेली. सहकारी डॉक्टरांनी जातीवरून छळ केल्याचा तो खटला आहे. खानदेशातल्या आदिवासी तडवी समाजातून पदव्युत्तर शिक्षणापर्यंत पोहोचलेली मुलगी आपण टिकवू शकलो नाही.

तामिळनाडूने यातून एक वाट काढली. तिथे सरकारी सेवेतल्या डॉक्टरांसाठी अतिविशेष अभ्यासक्रमाच्या निम्म्या जागा राखून ठेवल्या आणि २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यानुसार प्रवेश करू दिले. सुरगाण्यात पाच वर्षं काढलेल्या डॉक्टरला डीएमची जागा मिळाली, तर तो परत येण्याची शक्यता जास्त, की कोट्यवधींची गुंतवणूक करून शिकलेला? महाराष्ट्रात ही मागणी आपण लावून धरली पाहिजे.

बाबासाहेबांचा धागा

आरोग्य हा चळवळीचा विषय नाही, असं ज्यांना वाटतं त्यांनी १९४२ ते १९४६ हा काळ वाचावा. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. त्याच काळात औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्यासाठी प्रा. बी. पी. अडारकर यांचा अहवाल १९४४ साली आला. त्याच पायावर १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. आज सातपूर-अंबडच्या कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के कापले जातात आणि मालकाने ३.२५ टक्के भरायचे असतात, ते त्याच कायद्याने सुरू झालेल्या योजनेमुळे. या योजनेत हृदयाच्या उपचारांचाही समावेश आहे. पण किती कंत्राटदार कापलेले पैसे खरोखर भरतात? किती कामगारांना आपला विमा क्रमांक माहीत आहे? बाबासाहेबांच्या काळात रोवलेलं झाड आपल्या अंगणात आहे आणि आपण त्याला पाणी घालत नाही.

संविधानाचं कलम ४७ सार्वजनिक आरोग्य सुधारणं हे राज्याच्या प्राथमिक कर्तव्यांपैकी एक मानतं. पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या खटल्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने तातडीचा उपचार नाकारणं म्हणजे कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भंग ठरवला, आणि पैसा नाही ही राज्याची सबब चालणार नाही असं सांगितलं. तो खटला रेल्वेतून पडलेल्या एका शेतमजुराचा होता, ज्याला कोलकात्यातल्या एकामागून एका सरकारी रुग्णालयाने परत पाठवलं होतं. कायदा आपल्या बाजूने आहे. त्याला रस्त्यावर उतरवायचं काम आपलं आहे.

मग करायचं काय?

मागण्या स्पष्ट हव्यात. संदर्भ सेवा रुग्णालयातली सर्व पदं भरून कॅथ लॅब चोवीस तास चालवा. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात ईसीजी आणि गुठळी विरघळवणारं इंजेक्शन कायम ठेवा, आणि ईसीजी पाहून सल्ला देणारा तज्ज्ञ फोनवर जोडा. मालेगाव-कळवणच्या बाजूला दुसरं सरकारी हृदय उपचार केंद्र द्या. झडपेवर आणि वापरून फेकायच्या साहित्यावर किमतीची मर्यादा आणा. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने राज्यांना अंदाजपत्रकाच्या ८ टक्क्यांहून अधिक रक्कम आरोग्यावर खर्च करायला सांगितलं होतं. महाराष्ट्र त्याच्या जवळपासही नाही, त्याचा जाब द्या.

मागण्यांसोबत काम. माहितीच्या अधिकारात वरच्या प्रश्नांचे अर्ज टाका. प्रत्येक वस्तीत दोन मुलं-मुली अशी तयार करा ज्यांना योजनेचा १५५३८८ हा क्रमांक, आरोग्यमित्र आणि तातडीची फोन-मंजुरी हे सगळं तोंडपाठ असेल. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणं बंधनकारक आहे, वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार आहे. नाकारलं तर लेखी नकार मागा आणि धर्मादाय सहआयुक्तांकडे जा. लहान मुलाच्या हृदयात छिद्र निघालं तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून उपचाराची सोय आहे, अंगणवाडीताईला विचारा. आणि १४ एप्रिलला डीजेवर जेवढा पैसा जातो, त्याच्या एका छोट्या हिश्श्यात प्रत्येक विहारात रक्तदाब मोजायचं यंत्र आणि साखर तपासायच्या पट्ट्या येतात. ज्या डीजेच्या भिंतीपुढे म्हाताऱ्यांची छाती धडधडते, त्या भिंतीऐवजी त्यांची छाती तपासणारं टेबल मांडलं, तर जयंतीचा मान वाढेल की कमी होईल?

तथागतांनी जुलाबाने लोळत पडलेल्या भिक्खूला आनंदासोबत स्वतःच्या हातांनी धुतल्याची कथा महावग्गात आहे. रोग्याची सेवा हा आपल्या धम्माचा भाग आहे, दानधर्माचा नव्हे. आणि हक्क मागणं हा आपल्या चळवळीचा भाग आहे. २ मार्च १९३० रोजी याच नाशिकमध्ये दादासाहेब गायकवाडांसारखे सहकारी आणि हजारो स्त्री-पुरुष काळारामाच्या बंद दारापुढे उभे राहिले. मंदिरात गेल्याने आपले सगळे प्रश्न सुटणार नाहीत, हे बाबासाहेबांना तेव्हाही ठाऊक होतं. प्रश्न दार कोणी आणि कोणत्या अधिकाराने बंद केलं, हा होता.

आजचं बंद दार कॅथ लॅबचं आहे. ते जनतेच्या पैशाने बांधलेलं आहे. आत जे तंत्र आहे त्याला जात माहीत नाही. मनगटातली रक्तवाहिनी सगळ्यांची सारखीच असते. ज्या दिवशी सुरगाण्याच्या पाड्यावरच्या बाईला आणि गंगापूर रोडवरच्या बंगल्यातल्या साहेबांना झटक्यानंतर सारख्याच वेळात तो उपचार मिळेल, त्या दिवशी समता संविधानाच्या पानावरून रुग्णालयाच्या खाटेपर्यंत आली असं म्हणता येईल. तोपर्यंत अर्ज, मोर्चा, विहारातलं टेबल आणि प्रश्न, यातलं काहीच थांबवायचं नाही.

जय भीम!